मेंढीचा वास येणारी लोकर

ग्वाल्हेरच्या जानेवारीत बाड्यावरच्या बाजारातली ॲक्रिलिक लोकर काही पुरत नाही, म्हणून स्वेटरसाठी हिमाचलातल्या एका छोट्या कळपाची, न रंगवलेली लोकर मागवली. शंभर ग्रॅमच्या आठ लड्या. पुडकं उघडताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, मेंढीच आणलीस की काय घरात!" लोकरीतल्या तेलकटपणाचा तो वास, विणताना हात मात्र मऊ राहिले. मध्येच गवताची काडी निघते, ती वेचायची.

माझी छाती ३८, स्वेटर ४८ इंची, चांगला ढगळ. ७ नंबरच्या सुया, पुढच्या भागाला ११० टाके. मापासाठी छोटा नमुना विणून धुतला तेव्हा कळलं, ही लोकर पाण्यात फुलते. न धुता मोजलं असतं तर फसले असते.

तक्रार एकच. आठातल्या चार लड्या बऱ्याच गडद निघाल्या आणि विकणाऱ्याने आधी सांगितलं नाही. अर्धी पाठ उसवली (रडूच आलं), मग दर दोन ओळींनी गुंडा बदलत विणली. आता जाड पट्टा दिसत नाही, नुसती छटा हलते.

गळ्याशी थोडं टोचतं, आत कॉलरचा शर्ट घालते. धुताना चोळू नका, आटून नमदा (दाट, जाड कापड) होईल. पुन्हा मागवेन, पण सगळ्या लड्यांचा एकत्र फोटो बघून.