रेक्याविकची देवमासा-दर्शन सफर: समुद्रावर उत्तम, कायद्यावर अर्धवट

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील जुन्या बंदरातून देवमासे दाखवणाऱ्या अनेक सफरी निघतात. त्यांपैकी एका कंपनीच्या सुमारे तीन तासांच्या सफरीचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण माझी मुख्य तक्रार बोटीवर दिल्या गेलेल्या माहितीविषयी आहे आणि एका फेरीवरून कोणाच्या नावावर ठपका ठेवणे मला योग्य वाटत नाही. सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देईन. वजा झालेला दीड गुण मुख्यतः देवमाशांच्या शिकारीवरील आंतरराष्ट्रीय नियमनाच्या वर्णनाचा आहे. ज्यांना केवळ प्राणी पाहायचे आहेत त्यांनी हे गुण साडेचार समजावेत.

तिकीट माणशी तेरा ते चौदा हजार क्रोनांच्या घरात, म्हणजे नऊ-दहा हजार रुपयांच्या आसपास गेले. आइसलँडमधील एकूण महागाई पाहता ते अवाजवी नाही. बोट दुमजली होती, आत बसायला उबदार जागा होती आणि बाहेर उभे राहणाऱ्यांना नखशिखांत झाकणारा जाड पोशाख विनामूल्य दिला गेला. माझ्या आईला समुद्र फारसा मानवत नाही हे लक्षात येताच तेथील मुलीने बोट लागू नये म्हणून गोळी दिली आणि मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसण्याचा सल्ला दिला. तो अचूक ठरला.

फाक्साफ्लोई या उपसागरात आम्हाला आधी पांढऱ्या चोचीच्या डॉल्फिनांचा कळप, मग दोन मिंक व्हेल आणि परतीच्या वाटेवर एक हंपबॅक जातीचा देवमासा दिसला. मिंक हा लाजाळू प्राणी आहे. पाठीची काळी कमान क्षणभर दिसते आणि पुढच्या वेळी तो भलतीकडेच वर येतो. हंपबॅकने मात्र शेपूट पूर्ण वर काढून बुडी मारली आणि तिकिटाचे पैसे वसूल केले. याहून महत्त्वाचे वाटले ते बोटवाल्याचे वागणे. प्राणी दिसताच त्याने वेग कमी केला, वाट अडवली नाही, पाठलाग केला नाही, आणि दुसरी बोट आल्यावर थोड्याच वेळात आपली बोट बाजूला घेतली. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या एकाच कळपामागे चारी दिशांनी धावतात. ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतही देवमासे दिसल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ही शिस्त तिकडे आजच रुजली तर बरे.

आता तक्रारीकडे येतो. या सफरीचे वेगळेपण बंदरातच सुरू होते. तिकिटांच्या टपऱ्या ज्या धक्क्यावर आहेत त्याच्या आसपासच ‘ह्वालूर ८’ आणि ‘ह्वालूर ९’ ही फिन व्हेलची शिकार करणारी जहाजे वर्षानुवर्षे नांगरलेली दिसतात. १९८६ च्या नोव्हेंबरात याच बंदरात त्यांच्या दोन भगिनी-जहाजांना ‘सी शेफर्ड’ या शिकारविरोधी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जलसमाधी दिली होती, आणि २०२३ च्या सप्टेंबरात दोन आंदोलक या जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढून बसल्या होत्या. प्राणी दाखवून पैसे मिळवणारा आणि तेच प्राणी मारून पैसे मिळवणारा असे दोन धंदे एका धक्क्यावर शेजारी असण्याचे उदाहरण जगात क्वचितच मिळेल. साहजिकच प्रवासी या जहाजांबद्दल प्रश्न विचारतात. आमच्या बोटीवरच्या मार्गदर्शकाने त्यांना एका दमात उत्तर दिले: जगभर १९८६ पासून व्यापारी शिकारीवर बंदी आहे आणि आइसलँड ती बेकायदा मोडत आहे. बोटीच्या खालच्या मजल्यावरील छोट्या प्रदर्शनातील फलकही हेच सांगत होता.

हे विधान ऐकायला सोयीचे असले तरी बरोबर नाही. २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोग स्थापन झाला. त्या करारात ‘बंदी’ असे कलम मुळातच नाही. करारासोबत एक परिशिष्ट आहे, त्यात कोणत्या जातीचे किती प्राणी मारता येतील याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि तीन-चतुर्थांश बहुमताने ते परिशिष्ट बदलता येते. १९८२ साली ब्रायटन येथील बैठकीत २५ विरुद्ध ७ मतांनी त्यात एक परिच्छेद घालण्यात आला आणि १९८५–८६ च्या हंगामापासून व्यापारी शिकारीची मर्यादा शून्य ठरली. ज्याला आपण बंदी म्हणतो ती म्हणजे पकडीच्या रकान्यातले हे शून्य. त्याच परिच्छेदात या शून्याचा फेरविचार १९९० पर्यंत करावा असेही लिहिले होते. नवी मर्यादा मात्र आजतागायत ठरलेली नाही.

दुसरी गोष्ट कराराच्या पाचव्या कलमातली. परिशिष्टातील एखादा बदल मान्य नसलेला सदस्य देश नव्वद दिवसांच्या आत हरकत नोंदवू शकतो, आणि मग तो बदल त्या देशावर बंधनकारक राहत नाही. नॉर्वेने अशी हरकत नोंदवली, ती कायम ठेवली आणि १९९३ पासून स्वतःच मर्यादा ठरवून मिंक व्हेलची व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. जपानने हरकत मागे घेतली आणि आठव्या कलमातील ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ या सवलतीचा आधार घेतला. ३१ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अंटार्क्टिक समुद्रातील त्यांचा कार्यक्रम त्या सवलतीत बसत नाही असा निकाल दिला, आणि शेवटी जपान २०१९ मध्ये आयोगातूनच बाहेर पडला. आइसलँडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तेथील संसदेने १९८३ साली अवघ्या एका मताच्या फरकाने हरकत न घेण्याचे ठरवले. १९९२ मध्ये देश आयोगातून बाहेर पडला, आणि २००२ मध्ये परतला तो शून्याची मर्यादा मान्य नसल्याची अट राखूनच. ही अट स्वीकारायची की नाही यावर आयोगात १९ विरुद्ध १८ अशी मते पडली. या अटीच्या वैधतेला अनेक देशांचा आक्षेप आहे, आणि तो आक्षेप प्रवाशांना जरूर सांगावा. परंतु वादग्रस्त असणे आणि बेकायदा असणे यांत जे अंतर आहे ते एवढ्या महागड्या सफरीत गाळले जाऊ नये, अशी अपेक्षा ठेवणे फार झाले काय?

प्रदर्शनात आणखी एक फलक होता, ‘निळ्या देवमाशाचे एकक’ या नावाचा. त्याखाली एक तक्ता होता आणि स्पष्टीकरण जवळजवळ नव्हते. खरे तर संपूर्ण नियमनाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद चूक याच तक्त्यात आहे. आयोगाने सुरुवातीला अंटार्क्टिक समुद्रासाठी जातवार मर्यादा न ठेवता प्राण्यापासून मिळणाऱ्या तेलाच्या हिशेबाने एकच एकूण मर्यादा ठेवली. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई व्हेल, आणि साऱ्यांची बेरीज सुरुवातीला वर्षाला १६,००० एकके. देशवार वाटणीही नव्हती. परिणामी एकूण आकडा भरण्यापूर्वी जास्तीत जास्त हात मारण्यासाठी जहाजांची शर्यत लागे, आणि एका प्राण्यात पूर्ण एकक मिळत असल्यामुळे आधीच दुर्मिळ झालेला निळा देवमासाच सर्वांत किफायतशीर शिकार ठरे. नॉर्वेतील सँडेफ्योर्ड या गावी एक सांख्यिकी कार्यालय होते. दक्षिणेकडील जहाजे आपली पकड तिकडे कळवत, आणि मर्यादा कोणत्या दिवशी भरेल याचा हिशेब तिथे मांडून हंगाम संपल्याची तारीख जाहीर होई. म्हणजे कारकुनी चोख होती आणि मूळ एककच चुकीचे होते. त्यात सोव्हिएत जहाजांनी दडवलेली पकड धरलेलीच नव्हती. १९४८ ते १९७३ या काळात त्यांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि कळवले तीन हजारांहूनही कमी, हे १९९० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनीच उघड केले. हे एकक १९७२ मध्ये रद्द झाले. एवढी गोष्ट पाच मिनिटांत सांगता येते आणि बोट बंदराकडे परतताना तेवढा वेळ सहज असतो. आम्हाला मात्र त्या वेळात पफिन पक्ष्यांविषयीचे विनोद ऐकवले गेले. ते वाईट नव्हते.

आइसलँडच्या आजच्या मर्यादेबद्दलही मार्गदर्शकाने केवळ ‘सरकार शेकडो मारायला परवानगी देते’ असे सांगितले. आकडे असे आहेत. २०२४ च्या डिसेंबरात दिलेल्या परवान्यांनुसार पाच वर्षांसाठी दरवर्षी २०९ फिन आणि २१७ मिंक अशी मर्यादा ठरली, आणि तिचा आधार देशाच्या सागरी संशोधन संस्थेचा सल्ला हा होता. अशा सल्ल्यामागची पद्धत आयोगाच्याच वैज्ञानिक समितीने विकसित केली. आजवरच्या पकडीचा इतिहास आणि समुद्रावरील मोजणी एवढ्याच गोष्टी ती मागते, आणि मोजणीतील अनिश्चितता जितकी जास्त तितकी मर्यादा खाली आणते. १९९४ मध्ये आयोगाने ही पद्धत स्वीकारली, पण जहाजांवर देखरेख कोणी आणि कशी करायची यावर एकमत न झाल्यामुळे ती आयोगाच्या हातून कधी लागू झाली नाही. ज्यांना शिकार नको आहे त्यांनीही हे समजून घेतले पाहिजे, कारण २०९ या आकड्यावर टीका करायची तर ती मोजणीवर, देखरेखीवर किंवा प्राण्याच्या यातनेवर करावी लागते.

यातनेचा मुद्दा तर सर्वांत ठोस आहे आणि तोच बोटीवर आला नाही. आइसलँडच्या अन्न आणि पशुवैद्यक प्राधिकरणाने २०२२ च्या हंगामात मारलेल्या १४८ फिन व्हेलचा आढावा घेतला तेव्हा ३६ प्राण्यांवर एकाहून अधिक वेळा हार्पून (तोफेतून सुटणारा भाला) डागावा लागला होता आणि जे तत्काळ मेले नाहीत त्यांना मरायला लागलेल्या वेळेचा मध्यक साडेअकरा मिनिटे होता. त्या अहवालानंतर २०२३ च्या जूनमध्ये शिकार ऑगस्टअखेरपर्यंत थांबवण्यात आली आणि त्या वर्षी २४ प्राणीच मारले गेले. २०२४ आणि २०२५ मध्ये एकही फिन व्हेल मारला गेला नाही. २०२५ साठी तर शिकारी कंपनीने जपानमधील बाजाराची स्थिती हे कारण पुढे केले. कागदावरची मर्यादा २०९ असताना प्रत्यक्ष आकडा शून्यावर आणला तो मुख्यतः गिऱ्हाइकाने, हे ज्याला ठाऊक आहे त्याने बोटीवरील ‘शेकडो’ हा शब्द ऐकून अस्वस्थ व्हावे यात नवल नाही.

मिंकच्या बाबतीत तर ही सफर चालवणारा व्यवसायच नियमनाचा पक्षकार आहे. २०१७ च्या अखेरीस फाक्साफ्लोईतील शिकारबंद क्षेत्र वाढवण्यात आले. मिंक मारणाऱ्या छोट्या बोटींना लांब जाणे परवडेना आणि ती शिकार काही वर्षांत जवळपास बंद पडली. म्हणजे आमच्या तिकिटात पाहायला मिळालेले दोन मिंक या उपसागरात निवांत फिरत होते त्यामागे एक स्थानिक नियम होता आणि देवमासे-दर्शनाच्या व्यवसायाने तो मिळवण्यासाठी बरीच खटपट केली होती. कंपनीने ही गोष्ट अभिमानाने सांगायला हवी होती. ती सोडून दूरच्या आयोगावर आणि अर्धवट कायद्यावर बोलणे हा मला संधीचा अपव्यय वाटला.

बंदरावरील काही उपाहारगृहांत मिंकच्या मांसाचे पदार्थ मिळतात आणि कुतूहलापोटी ते मागवणाऱ्यांत पर्यटकच अधिक असतात. आम्ही ते खाल्ले नाहीत, मासळीच्या सुपावर भागवले. भारतीय प्रवाशांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे की फिन आणि मिंक यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात मिळणारा हाडाचा किंवा दाताचा तुकडा आठवण म्हणून सामानात टाकू नये. मुंबई-ठाणे परिसरात आणि सिंधुदुर्गात ‘व्हेल माशाच्या उलटी’पायी होणाऱ्या अटकेच्या बातम्या वाचणाऱ्यांना याचे गांभीर्य सांगायला नको.

जाणार असाल तर उन्हाळ्यातील सकाळची फेरी घ्यावी आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर वेगवान रबरी बोटीऐवजी मोठ्या बोटीचेच तिकीट काढावे. निघण्यापूर्वी मार्गदर्शकाला मर्यादा, हरकत आणि मोजणी यांविषयी थेट प्रश्न विचारावेत. आमच्या मार्गदर्शकाने मी खासगीत विचारल्यावर बरीच अधिक आणि समतोल माहिती दिली, म्हणजे तो अजाण नव्हता, ध्वनिक्षेपकावर त्याला सोपे बोलायचे होते. काहीही न दिसल्यास दुसऱ्या फेरीचे तिकीट विनामूल्य मिळते, पण ते त्याच मुक्कामात वापरता यावे म्हणून सफर शेवटच्या दिवशी ठेवू नये.