कर्सर फिरवायचा की रूमकडून लिस्ट घ्यायची?

अँड्रॉइडवर एसक्यूलाइटच्या, म्हणजे फोनमधल्या छोट्या डेटाबेसच्या, क्वेरीचं उत्तर वाचायच्या या दोन्ही तऱ्हा मी एकाच ॲपमध्ये वापरल्या आहेत. कर्सर म्हणजे उत्तराच्या ओळींवरून एकेक करत आपण पुढे सरकवायचा दर्शक; रूम म्हणजे तेच उत्तर तयार ऑब्जेक्टच्या लिस्टमध्ये देणारी लायब्ररी. खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीचं बिलाचं ॲप, आधी कर्सरवर, आता रूमवर.

कर्सर हलका. जास्तीची लायब्ररी नाही, बिल्ड झटपट. सुरुवातीला तो पहिल्या ओळीच्याही आधी, उणे एकवर उभा असतो. म्हणून मूव्हटूफर्स्टने पहिल्या ओळीवर जाऊन मग व्हाइल लूपमध्ये मूव्हटूनेक्स्ट लिहिलं की तो वाचायच्या आधीच पुढे सरकतो आणि पहिला सभासद गळतो. एकदा ठेच लागली की हे परत चुकत नाही. काम झाल्यावर कर्सर बंद करायचं, म्हणजे क्लोजचंही, कोटलिन भाषेतल्या यूज फंक्शनने भागतं.

मला नडलं ते वेगळंच. सभासदांच्या टेबलात नंबर, नाव, उधारी असे कॉलम होते. आमच्या भागात बिलावर मराठीबरोबर कन्नड नावही लागतं, म्हणून तो कॉलम वाढवला. जुन्या फोनवर, आधीच्या टेबलात बदल करणाऱ्या ऑल्टर टेबलने तो शेवटी बसला. नव्या इन्स्टॉलच्या क्रिएट टेबलमध्ये मात्र मी तो नावाशेजारी लिहिला होता. उधारी वाचणारा कोड होता गेटडबल, कॉलम दोन (मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसरा). नव्या फोनवर तिथे कन्नड नाव! ॲप बंद पडलं नाही, एरर आली नाही. अक्षरांचा आकडा होईना म्हणून गुपचूप शून्य आलं. दुसऱ्या संकलन केंद्रावर नवा फोन घेतला आणि त्या दहा दिवसांच्या बिलातून पेंडीची उधारी कुणाचीच कापली गेली नाही. पैसे वाटून झाल्यावर सेक्रेटरींचा फोन, "अहो, पेंडीचं पैसं कुठं गेलं ओ?" दोन संध्याकाळी आम्ही उधारीची वही घेऊन एकेक नाव ताडत बसलो.

नावावरून कॉलमचा क्रमांक शोधणारं गेटकॉलमइंडेक्सऑरथ्रो वापरलं असतं तर हे टळलं असतं, मान्य. पण ते दर ठिकाणी आठवणीनं लिहावं लागतं. रूम कॉलम नावानं जुळवतं, क्वेरीत नाव चुकलं तर बिल्डच होत नाही, आणि हातात येते सभासदांची लिस्ट. पुढे साधा फॉर लूप.

रूमचाही जाच आहे. बिल्डला वेळ लागतो, मायग्रेशन, म्हणजे टेबलाची रचना बदलताना जुना डेटा नव्या रचनेत नेणं, काटेकोर लागतं. लिस्ट सगळी एकदम मेमरीत येते, म्हणून वर्षभराच्या संकलनाच्या एक्स्पोर्टला मी अजून कर्सरच घेतो. रूमचा डीएओ, म्हणजे क्वेरी जिथे लिहितो तो इंटरफेस, कर्सरही देतो. एक-दोन टेबलांच्या ॲपला कर्सर पुरेलही कदाचित. बिलाचा स्क्रीन मात्र मी रूमवरच ठेवलाय.