दूध काढायला सुरुवात: लगेच की सहा आठवड्यांनी?

मावसबहिणीची रजा 26 आठवड्यांची, बाळ 10 दिवसांचं, आणि तिला आत्ताच पंप घ्यायचाय. थांब गं, म्हटलं. बाळ नीट ओढतंय, वजन वाढतंय, तर 4-6 आठवडे नुसतं पाजावं. वरून पंप लावला की गरजेपेक्षा जास्त दूध येऊन छाती दगडासारखी होते, शिवाय बाटल्या उकळत बसायचं. कामावर जायच्या 2-3 आठवडे आधी सुरू केलं तरी पुरतं.

बाळ काचेच्या पेटीत असेल किंवा ओढत नसेल, तर मात्र लगेच. पहिल्या 6 तासांत चीक काढावा, वाटीत थेंबथेंब. त्या घट्ट, पिवळसर चिकाला पंपापेक्षा हातच बरा, खर्चही नाही. पुढे दिवसरात्र मिळून निदान 8 वेळा, रात्रीचं चुकवू नये. कष्ट खूप, पण अशा बाळाला तेच हवं.