सॅलरी कॅप कोणती घ्यावी: एनएफएलची, एमएलएसची की ला लिगाची?

लीगमधल्या संघांच्या पगारखर्चाला मर्यादा (सॅलरी कॅप) घालायचं ठरलं की पहिला वाद आकड्यावर होतो. पंधरा कोटी की वीस? खरं तर आकडा शेवटी येतो. मर्यादा कशाच्या हिशेबाने काढायची, पळवाटा कोणत्या ठेवायच्या आणि कागदावर खेळाडूंच्या संघटनेची सही आहे का, हे आधी ठरतं. यातल्या सहीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि गाडी अडते तीही तिथेच.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हे घडलं. ऑगस्ट २०२०मध्ये लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या-चौथ्या स्तराच्या क्लबांनी मतदान करून मर्यादा आणली: वरच्या स्तरात प्रत्येक क्लबला वर्षाला २५ लाख पौंड, खालच्या स्तरात १५ लाख. खेळाडूंची संघटना पीएफए या प्रकरणात लवादाकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये ती मर्यादा रद्द झाली. आकडे चुकले म्हणून नव्हे, तर ठरलेल्या वाटाघाटींची पायरी गाळली म्हणून. याच संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाचा इशारा देऊन १९६१मध्ये एका खेळाडूला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा मोडीत काढली होती. साठ वर्षांत क्लबमालक काय शिकले, हा प्रश्नच आहे.

आता तीन नमुने बघू.

एनएफएल: कडक मर्यादा, पण उत्पन्नात वाटा

हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा. मर्यादेचा सर्वात पक्का नमुना इथलाच, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

१९९४मध्ये मर्यादा सुरू झाली तेव्हा ती संघामागे ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५मध्ये ती २७.९२ कोटींवर होती. ती आपोआप वाढते, कारण ती उत्पन्नाला बांधलेली आहे. २०११च्या करारात खेळाडूंचा वाटा असा ठरला: राष्ट्रीय टीव्ही हक्कांच्या पैशातले ५५ टक्के, लीगच्या व्यापारी कंपनीच्या उत्पन्नातले ४५ आणि क्लबांच्या स्थानिक उत्पन्नातले ४०. २०२०च्या कराराने एकूण वाटा किमान ४८ टक्के केला. मर्यादेइतकंच महत्त्वाचं म्हणजे खर्चाची किमान अटही आहे. ठराविक वर्षांच्या गटात क्लबला मर्यादेच्या ९० टक्के पैसे प्रत्यक्ष द्यावेच लागतात. नुसतं छत घालून तळ न घालणारी मर्यादा म्हणजे मालकांना दिलेली सवलत.

गोंधळ होतो तो हिशेबात. समजा पाच वर्षांचा करार आहे, सही करतानाचा बोनस ५ कोटी डॉलर आणि पगार दरवर्षी १ कोटी. बोनसचे पैसे खेळाडूला लगेच मिळतात, पण मर्यादेच्या वहीत तो पाच वर्षांवर पसरतो. म्हणजे दरवर्षी १ अधिक १, असे २ कोटी. दोन वर्षांनी खेळाडूला काढून टाकलं तर उरलेले ३ कोटी एकदम त्याच वर्षावर पडतात. ठेवला असता तर २ कोटी लागले असते, काढल्यावर ३ लागले. याला तिकडे ‘डेड मनी’ म्हणतात. १ जूननंतर काढलं तर १ कोटी या वर्षी आणि २ कोटी पुढच्या वर्षी, असे दोन हप्ते पाडता येतात. डेन्व्हरच्या संघाने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला मोकळं केलं तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलरचा बोजा त्यांच्या वहीवर बसला. बोनस पसरवायला मुभा दिलीत, तर क्लबचा नवा मॅनेजर जुन्याचे हप्ते फेडत बसणार, हे गृहीत धरा.

हे सगळं टिकतं ते सहीमुळे. ३२ मालकांनी एकत्र बसून पगार ठरवणं हे अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. संघटनेबरोबरच्या सामूहिक करारातून ते आलं, तरच त्याला संरक्षण मिळतं. म्हणूनच १९८९मध्ये एनएफएलच्या खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी करण्याची स्वतःची मान्यताच सोडली. संघटना नाही, तर संरक्षण नाही. १९८७चा संप २४ दिवसांत फसला होता, कारण मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवले आणि काही मोठी नावंही संप मोडून आत गेली. जे रस्त्यावर जमलं नाही ते कोर्टात जमलं: १९९३च्या करारात खेळाडूंना क्लब बदलायचं स्वातंत्र्य मिळालं आणि त्या बदल्यात मालकांना मर्यादा. हीच मूळ देवाणघेवाण. खेळाडूंना काहीच न देता नुसती मर्यादा मागणाऱ्याने हे वर्ष पाठ करावं.

(१९८२ म्हटलं की आपल्याला गिरणी संप आठवतो. त्याच वर्षी तिकडेही ५७ दिवसांचा खेळाडूंचा संप झाला होता.)

२०११मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. ती मार्चपासून जुलैअखेरपर्यंत चालली. सामने झाले नाहीत तरी टीव्ही कंपन्यांकडून सुमारे ४०० कोटी डॉलर मिळतील, अशी तजवीज मालकांनी आधीच करारांत करून ठेवली होती. न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी मार्चमध्ये संघटनेच्या बाजूने निकाल दिला आणि त्या पैशाचा आधार डळमळला. वाटाघाटीला बसण्याआधी समोरच्याकडे किती महिन्यांचं धान्य आहे, ते बघून ठेवावं.

एमएलएस: कमी मर्यादा, भरपूर दारं

अमेरिकेतली सॉकर, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलची लीग. इथे खेळाडूचा करार क्लबशी नसून थेट लीगशी असतो. २०२५मध्ये संघाचं पगार-बजेट होतं ५९.५ लाख डॉलर, आणि एका खेळाडूचा कमाल भार, म्हणजे बजेटमध्ये धरायची जास्तीत जास्त रक्कम, ७,४३,७५० डॉलर. मग लिओनेल मेस्सी इंटर मायामीत कसा बसतो? २००७मध्ये डेव्हिड बेकहॅमसाठी जो नियम आला, त्यामुळे. ‘डेझिग्नेटेड प्लेअर’ म्हणून तीन जणांना क्लब हवे तेवढे पैसे देऊ शकतो आणि बजेटवर फक्त तो कमाल भार पडतो. शिवाय वाटप-निधी नावाची रक्कम असते. ती वापरून कोणाचाही भार खाली आणता येतो.

फायदा उघड आहे: तोटा आटोक्यात राहतो आणि तारेही येतात. दोष असा की नियमपुस्तक जाड होत जातं, आणि जाड नियमपुस्तकात लपवाछपवीला जागा असते. इंटर मायामीने २०२०च्या संघात ब्लेझ मातुइदीला चुकीच्या वर्गात दाखवलं आणि आणखी काहींचे पगार कमी सांगितले. २०२१मध्ये क्लबला २० लाख डॉलर दंड झाला, आणि पुढच्या दोन हंगामांचा वाटप-निधीही कापला गेला. मधल्या पगाराच्या खेळाडूचं सगळ्यात जास्त नुकसान याच नमुन्यात होतं, कारण तारे बाहेरून येतात आणि बजेट त्याच्यावर आवळलं जातं. एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी: इथली संघटना सगळ्यांचे पगार जाहीर करते. त्यामुळे वाटाघाटीत कोणी कोणाला अंधारात ठेवू शकत नाही.

ला लिगा: प्रत्येकाला वेगळी मर्यादा

स्पेनच्या या फुटबॉल लीगमध्ये एकच आकडा नाही. क्लबचं अपेक्षित उत्पन्न घ्यायचं, त्यातून इतर खर्च आणि कर्जफेड वजा करायची, आणि उरेल ती त्या क्लबची मर्यादा. सप्टेंबर २०२१मध्ये रिअल माद्रिदची मर्यादा सुमारे ७३.९ कोटी युरो ठरली, बार्सिलोनाची ९.८ कोटी. पुढच्या मार्चमध्ये बार्सिलोनाचा आकडा उणे १४.४ कोटींवर गेला! त्याआधी ऑगस्ट २०२१मध्ये मेस्सी बार्सिलोनात निम्म्या पगारावर राहायला तयार होता, तरी त्याची नोंदणी झाली नाही. मर्यादा ओलांडलेल्या क्लबला वाचवलेल्या पैशांतला थोडाच भाग नव्याने खर्चता येत होता.

या नमुन्याने कर्जबाजारीपणा रोखला जातो, बरोबरी साधत नाही. श्रीमंत श्रीमंतच राहतो. आणि नोंदणी हेच हत्यार असल्यामुळे हंगामाच्या मध्यावर भांडण होतं: बार्सिलोनाच्या दानी ओल्मोची नोंदणी ३१ डिसेंबर २०२४ला संपली आणि ८ जानेवारीला सरकारी क्रीडा परिषदेच्या तात्पुरत्या आदेशाने तो पुन्हा खेळू लागला.

मग निवड कशी करायची?

बढती-घसरण (हंगामाअखेर क्लब वरच्या-खालच्या लीगमध्ये जाणं) असेल आणि खेळाडू परदेशी क्लबांकडे जाऊ शकत असतील, तर एनएफएलची नक्कल करू नका. तिथे ती चालते कारण त्या खेळाडूंना जायला त्या तोडीची दुसरी लीगच नाही. अशा ठिकाणी ला लिगाचा नमुना जवळचा. बंद लीग असेल, सगळे क्लब तोट्यात असतील आणि मालक मोजके असतील, तर एमएलएसचा, पण दारं दोनच ठेवून. टीव्हीचे पैसे एकत्र येत असतील आणि वह्या संघटनेच्या लेखापरीक्षकाला दाखवायची तयारी असेल, तरच उत्पन्नातला वाटा.

भारतात आयएसएलने (इंडियन सुपर लीग, इथली फुटबॉल लीग) बरीच वर्षं १६.५ कोटी रुपयांची मर्यादा चालवली. एफसी गोवा आणि मुंबई सिटीही तिच्यातच खेळले. खेळाडूंची संघटना २००६पासून आहे, पण मर्यादा सामूहिक करारातून आलेली नव्हती. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा मुख्य करार डिसेंबर २०२५मध्ये संपायचा होता, आणि त्याआधीच हंगाम अडकला. ऑगस्ट २०२५मध्ये काही क्लबांनी पगारच थांबवले. त्या क्षणी मर्यादा किती होती याला काहीच अर्थ उरला नाही. खेळाडूंना हवं होतं ते वाईट वर्षाचं कलम.

ते कसं लिहितात, हे जुलै २०२०मध्ये एनएफएलमध्ये दिसलं. कोविडमुळे प्रेक्षक येणार नाहीत हे कळल्यावर दोन्ही बाजूंनी हंगामाआधीच ठरवलं की २०२१ची मर्यादा १७.५ कोटी डॉलरच्या खाली जाणार नाही आणि उरलेली तूट पुढच्या वर्षांवर पसरवायची. प्रत्यक्षात ती १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर उतरली, आणि २०२२मध्ये २०.८२ कोटींवर गेली.