जर्मन टिकवायला अंकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

काळ्या घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात बी-वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन केली, की पुढे काय? क्लास संपतो, ऑफिसात जर्मनचा संबंध नसतो आणि शब्द गळू लागतात. माझी आधी नामांची लिंगं गेली, मग अनियमित क्रियापदांचे भूतकाळ. शिकलेलं टिकवायचं म्हणून अंकी हे उजळणीचं ॲप घेतलं, नवी भाषा शिकायला नव्हे.

डेमियन एल्म्स यांनी २००६ साली काढलेला हा प्रोग्रॅम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर पाहून अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं एक बटण दाबायचं. त्यावरून ते कार्ड दहा मिनिटांनी येणार की दोन महिन्यांनी, हे ठरतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने विस्मरणावरचे स्वतःवरचेच प्रयोग १८८५ मध्ये छापले, त्याच वाटेवरची ही कल्पना. कार्डं फोनमध्येच असतात, त्यामुळे लोकलमध्ये नेट गेलं तरी अडत नाही. एका हाताने कडी धरून अंगठ्याने चालतं, हा डोंबिवलीकरांसाठी मोठा गुण.

रोज २० नवी कार्डं ही सेटिंग आधीच केलेली असते. ती आधी कमी करा. वीस घेत राहिलात तर उजळणी दिवसाला दोनशेच्या घरात जाते. मी पाचच ठेवलीत. कुठलं कार्ड कधी दाखवायचं हे ठरवणारी, २०२३ मध्ये आलेली एफएसआरएस पद्धतही चालू करा. किती टक्के लक्षात राहायला हवं, हे तिथे सांगता येतं. ९० पुरे. ९७ करायचा मोह होतो, पण मग कार्डं अंगावर येतात.

लोकांनी केलेले तयार गठ्ठे मिळतात, मला ते नकोसे वाटले. सुटा शब्द पाठ होतो आणि वाक्यात भेटला की ओळख दाखवत नाही. मी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐकते, अडलेलं वाक्य उचलते आणि त्यातली एकच जागा रिकामी ठेवते: 'इश वार्टे ... देन त्सूग', म्हणजे 'मी गाडीची वाट पाहते'. तिथे 'आउफ' आठवलं पाहिजे. 'वाइल' (कारण) या शब्दानंतर क्रियापद शेवटी जातं, त्यावर एकही कार्ड केलं नाही. मराठीत ते शेवटीच असतं, जीभ आपोआप वळते. माझा बहुतेक गठ्ठा विभक्तीचा आणि क्रियापदांना चिकटणाऱ्या अव्ययांचा आहे. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अंकी 'लीच' (जळू) अशी खूण करतं. हे फार आवडलं. असं कार्ड बहुधा वाईटच लिहिलेलं असतं. मोडून नव्या वाक्यात घातलं की बसतं.

बोलणं मात्र यातून येत नाही. त्यासाठी क्लासातल्या एका मैत्रिणीला शनिवारी फोन करते, मराठीला बंदी. हल्ली शब्द सापडतात, वाक्य जुळवताना अजून अडखळायला होतं.

दिसायला ॲप रुक्ष आहे. बक्षिसं, ड्युओलिंगोसारखी घुबडं, शाबासक्या काही नाही. ज्यांना त्या लागतात त्यांनी दुसरं बघावं. अँड्रॉइड आणि कंप्युटरवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे भरायचे. ते नको असतील तर ब्राउझरमधलं अंकीवेब फुकटात चालतं.