अँगल्स लँडिंगचा 'खात्रीचा' परवाना

बँकेत ३१ वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या. चेकवरची वेलांटी जरा वेगळी वळली तरी हात थांबायचा. त्या माणसाला रत्नागिरीत, स्वतःच्या ओटीवर बसल्या बसल्या ६३ हजारांची टोपी घातली गेली. लिहायची लाज वाटते. पण आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधले आणखी दोघं त्याच नंबराशी बोलत होते असं कळलं, म्हणून लिहितो.

लेक अमेरिकेत सॅन होजेला नोकरीला. आम्हा दोघांचा व्हिसा आधीच झालेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जायचं ठरलं तेव्हा मी मनात एक बेत धरला, युटामधलं झायन नॅशनल पार्क. लाल वालुकाश्माच्या छाती दडपवणाऱ्या भिंती आणि त्या कापत गेलेली व्हर्जिन नदी. आमचा सडाही, म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, मे महिन्यात तापून असाच वैराण होतो. काशेळीचा हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, ही कातळशिल्पं टिपायला मी वर्षानुवर्षं त्या कातळावर पालथा पडलोय, त्यामुळे खडकाचं वेड जुनंच. लेकीला मात्र काही सांगायचं नाही, तिकडे पोचल्यावर एकदम चकित करायचं. माती इथेच खाल्ली. तिला एक फोन केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

झायनमध्ये एंजल्स लँडिंग नावाची वाट आहे. कड्याच्या अरुंद कण्यावरून, साखळ्या धरून जायची. जाऊन-येऊन साडेआठ किलोमीटरच्या वर, चढ साधारण ४५० मीटर. गर्दी फार वाढली म्हणून १ एप्रिल २०२२ पासून तिथे परवाना लागतो. एवढं मला माहीत होतं. तो परवाना मिळतो कसा, हे शोधायचा कंटाळा केला आणि ग्रुपवर विचारलं, "कुणाची ओळख आहे का?"

तासाभरात फोन. "काका, नमस्कार. माझं आजोळ राजापूरचं. यंदा गंगा आली का हो?"

आता सांगा, जो माणूस राजापूरच्या गंगेची चौकशी करतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आंघोळ, धूतपापेश्वराचं देऊळ, आजीच्या हातचं सांदण असं पंधरा मिनिटं बोलला. कामाचं तीन मिनिटं. शेवटी म्हणाला, "घरचं काम समजा काका. तिथे आपला माणूस बसलाय, परवाना खात्रीचा."

खात्रीचा म्हणजे माणशी साडेनऊ हजार. सौ. म्हणाली, माझे गुडघे बघता मी खालीच बसेन, माझा कशाला? तर म्हणे कुटुंबाचा परवाना एकत्रच निघतो, एक नाव गाळलं तर तिघांचा रद्द. झाले २८,५००. मग फोटोग्राफीचा परवाना, कॅमेऱ्यामागे बारा हजार. माझे दोन कॅमेरे, २४ हजार. पार्कच्या शटल बसमध्ये राखीव जागा, माणशी साडेतीन हजार. पावसच्या बागेतल्या आंब्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तीन हप्त्यांत सगळे दिले. क्यूआर कोडवर नाव भलत्याच बाईचं आलं. "वहिनीचं खातं आहे काका, माझी लिमिट संपली." बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं की टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यायचा कर, लागतो, तुमचे पैसे वाचवतोय. परदेशी टूर पॅकेजवर रीतसर धंदा करणारा तेव्हा, २०२४ मध्ये, ५ टक्के टीसीएस कापायचा आणि टीसीएस आपल्या पॅनवर दिसतो, हे मी बँकेत असताना लोकांना समजावलेलं आहे. तरी मला त्याचं कौतुक वाटलं, की पोरगा आपले पैसे वाचवतोय.

फोटोग्राफीच्या परवान्यासाठी त्याने माझ्या दहा फोटोंचे नमुने मागितले, मूळ साइझमध्ये. सोबत तिघांच्या पासपोर्टच्या प्रती. लेकीची जुनी प्रत माझ्याकडे होतीच. फोटो मात्र मी हौसेने रात्री जागून निवडले. देवाचे गोठण्याच्या सड्यावरची आकाशगंगा त्यात होती. तिच्या उजव्या कोपऱ्यात सौ.ची निळी चप्पल आलेली, ती कापायची राहून गेली. तसाच पाठवला.

आठवड्याने पीडीएफ आली. वर अमेरिकी पार्क खात्याचं चिन्ह, बाणाच्या टोकाच्या आकारातलं. त्यातला बायसन ओढून ताणून म्हशीसारखा झालेला. एंजल्सच्या स्पेलिंगचं 'अँगल्स' झालेलं. देवदूतांचे कोन झाले आणि मला वाटलं, फोटोग्राफीच्या परवान्यावर असंच लिहीत असतील! वेळ छापली होती पहाटे ५.३० ते ६.३०, 'सूर्योदय स्पेशल'. मी त्याची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून आणली.

२६ जुलैला सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर धो धो कोसळत होतं, नेट अडखळत होतं. चेहरा पाडून म्हणाली, "बाबा, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. झायनच्या ड्रॉमध्ये नाव घातलं होतं, पण नाही लागलं."

मी हसलो. "अगं, आपला परवाना जूनमध्येच आलाय."

"जूनमध्ये कसा येईल? शरद ऋतूचे अर्ज १ ते २० जुलैला घेतात आणि निकाल २५ ला लागतो. आत्ताच लागला."

लॅमिनेट केलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने एकेक सांगितलं. परवाना फक्त सोडतीने, सरकारी संकेतस्थळावरून. अर्जाचे ६ डॉलर, त्यात ६ जणांपर्यंत नावं. नंबर लागला तर माणशी आणखी ३ डॉलर. तिघांचे मिळून १५ डॉलर, म्हणजे साडेबाराशे रुपये. परवाना ज्याच्या नावावर त्याचाच, विकता येत नाही. वेळाही तीनच असतात, सकाळी ९ च्या आत, ९ ते १२ आणि १२ नंतर. सोडतीच्या गोष्टीत 'खात्री' कुठून येणार? लॉटरीचं बक्षीस आधीच विकण्यासारखंच ते.

त्या नंबरावर फोन लावला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा कट झाला, संध्याकाळी डीपी गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार घातली. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर समोरच्या खात्यात ते अडवता येतात. माझे जाऊन दीड महिना झालेला. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे लिहून घेतलं. "एंजल्स म्हणजे?" "देवदूत." "आणि लँडिंग?" मी म्हटलं, देवदूत उतरतात ती जागा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा रकाना भरला. पैशांपेक्षा मला आजही पासपोर्टच्या प्रतींची धास्ती जास्त आहे.

ऑक्टोबरला गेलो. लास व्हेगासहून गाडीने अडीच-तीन तास. लॅमिनेट केलेला कागद मी मुद्दाम नेला होता. काउंटरवरच्या रेंजर बाई हसल्या नाहीत, याबद्दल त्यांचे आभार. फोटोग्राफी परवान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हौसेने फोटो काढायला इथे परवाना लागतच नाही. शटल फुकट, जागा राखीव नसतातच. आदल्या दिवशीही एक सोडत असते, दुपारी ३ पर्यंत अर्ज आणि ४ ला निकाल. दोन दिवस नाव घातलं, दोन्ही दिवस नाही लागलं. मग ग्रोटोच्या थांब्यावर उतरून स्काउट लुकआउटपर्यंत चढलो. तिथवर परवाना लागत नाही. सौ. नदीकाठी बसून राहिली. वरून साखळ्या धरून जाणाऱ्यांच्या मुंग्यांएवढ्या आकृत्या दिसत होत्या. फोटो झकास आले.

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका मित्राने जाहिरात पाठवली. 'कोकणातील कातळशिल्पं, रात्रीची फोटो टूर. मर्यादित जागा, खात्रीचं बुकिंग.' नंबर नवीन होता. वर देवाचे गोठण्याचा सडा, आकाशगंगा, आणि उजव्या कोपऱ्यात सौ.ची निळी चप्पल.