पीएम २.५ साठी पीटीएफई फिल्टर: सात महिन्यांच्या वापरानंतर

वणी तालुक्यातील आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत मी हवेतील पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण मोजण्यासाठी ४७ मिलिमीटर व्यासाचे पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर वापरले. पाकिटावर छिद्राचे माप २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेले पाहून पहिल्याच दिवशी शंका आली होती, की कोळशाच्या ट्रकांची धूळ यात अडेलही, पण पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) जाळल्यावर उठणारा धूर, ज्याचे बहुतेक कण १ मायक्रॉनहूनही लहान असतात, तो सरळ निघून जाईल. शंका चुकीची ठरली. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. मोठ्या कणांना हवेबरोबर वळता येत नाही म्हणून ते तंतूंवर आदळतात, मधले जवळून जाताना चिकटतात आणि अगदी बारीक कण रेणूंचे धक्के खात भरकटून तंतूंना लागतात. निसटतात ते साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे; म्हणूनच अमेरिकी मानकात ०.३ मायक्रॉनच्या कणांवर ९९.७ टक्क्यांहून अधिक पकड मागितली आहे. तरीही खात्रीसाठी मी पऱ्हाटी पेटवण्याच्या दिवसांत एकाखाली एक असे दोन फिल्टर लावले. वरचा काळवंडला, खालचा पांढराच राहिला आणि त्याच्या वजनातला फरक तराजूच्या चुकीपलीकडे गेला नाही.

खरा त्रास वजनाचा आहे, कारण फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातल्या फरकावरूनच धूळ मोजायची असते. मिनिटाला १६.७ लिटर दराने २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा ओढली जाते, त्यामुळे २००९ च्या राष्ट्रीय मानकातील दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची २४ तासांची मर्यादा गाठली तरी फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम धूळ बसते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पीटीएफईवर स्थिर विद्युत साचते आणि तराजूचा आकडा ठरतच नाही. मे महिन्यात तर पकडलेल्या कणांतले अमोनियम नायट्रेट हे क्षारच उन्हात उडून जाते, म्हणून फिल्टर उतरवताच बर्फाच्या डब्यात ठेवावा लागतो. भारनियमनात वाया गेलेले दिवस मी फिल्टरच्या खात्यावर मांडत नाही.

काचतंतूचे फिल्टर स्वस्त पडतात, पण त्यांच्या कडांचे तंतू झडतात, आणि काहींचा पृष्ठभाग अल्कधर्मी असल्याने हवेतील सल्फर डायऑक्साइड त्यावर सल्फेट होऊन बसतो व धूळ आहे त्याहून जास्त दिसते. कोळसा जळणाऱ्या आमच्या भागात हा दोष मला परवडणारा नाही. पुढच्या हंगामासाठी पीटीएफईच मागवले आहेत. काचतंतूचे उरलेले पाकीट विद्यार्थ्यांना चिमटा धरायला शिकवण्यासाठी ठेवले आहे.